तिला हवा असलेला मासा

चावीवाल्यांना कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे, आणि माशांच्या बाबतीत तर मुळीच नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षं पाण्याचे डबे दोन जिने चढून वर आणले आणि घाण पाणी दोन जिने उतरून खाली नेलं, त्याला माशांतलं काही कळत नाही असं म्हणायची कुणाची टाप होती? आता खरं विचाराल तर काडीचंही कळत नव्हतं. डबे वाहणं वेगळं आणि मासे पाळणं वेगळं. हे त्यांनाही आतून ठाऊक होतं, पण कबूल करायचं कुणाजवळ? जिच्याजवळ करायचं, ती बायको आठ महिन्यांपूर्वी गेली होती.

टाकी बायकोची. बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीला, चांगली चार फूट लांब. आत समुद्राचं पाणी, म्हणजे गाळलेल्या पाण्यात मापाने मीठ घालून घरीच केलेला समुद्र. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसायची, दिवसभर गोळ्या मोजून द्यायची, त्यामुळे माप तिच्या हातातच होतं. चावीवाले एकदा म्हणाले होते, "घाल की अंदाजाने चार मुठी." त्यावर तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की पुढे कित्येक वर्षं त्यांनी त्या मिठाच्या गोणीला हात लावला नाही.

टाकीच्या मधोमध खडकांचा ढीग आणि त्या ढिगावर हिरवं प्रवाळ. दुकानदाराने कधीतरी नखाएवढा तुकडा फुकट दिला होता. तिने तो दगडाला चिकटवला आणि वाढता वाढता तो जेवणाच्या ताटाएवढा झाला. सकाळी टाकीचा दिवा लागला की अर्ध्या तासाने त्याची बारीक बारीक तोंडं उघडायची, शेकड्यांनी, आणि सगळं मिळून पाण्याबरोबर डोलायला लागायचं. शेजारीपाजारी म्हणायचे, काय सुंदर झाड आहे हो. ती म्हणायची, "झाड नाही, जनावर आहे ते. खातं, पितं, रुसतंसुद्धा. आमच्या ह्यांच्यासारखं."

मासे घ्यायला जायचं म्हणजे चावीवाल्यांच्या जिवावर यायचं. दुकान बाजारामागच्या गल्लीत, अरुंद, दमट, दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या आणि सगळीकडे पाण्याची बुडबुड. दुकानदाराला तिने नाव ठेवलं होतं, समुद्रवाले. ती आत शिरली की तासाची निश्चिंती. हे दारात उभे, पिशवी हातात, दर दहा मिनिटांनी आत डोकं घालून विचारणार, "झालं का गं?" आणि ती आतून म्हणणार, "अहो, मासा बघतेय, टोमॅटो नाही."

एकेका माशासमोर ती उभी राहायची. समुद्रवाल्यांना त्याला खाऊ घालायला लावायची. कोण धावून येतो, कोण दुसऱ्याच्या तोंडचं पळवतो, कोण मागे थांबून उरलेलं खातो, सगळं बघायची. परत येताना वाटेत चावीवाल्यांना सगळं समजावून सांगायची, त्यांनी विचारलेलं असो वा नसो. आधी तोंड बघायचं, मग पोट, रंग सगळ्यात शेवटी. रंगावर गेलात की फसलात. लाजरेबुजरे आधी आणायचे, दांडगे मागून, म्हणजे दांडग्यांना वाटतं की हे घर आधीच भरलेलं आहे, आपण जपून राहावं. आणि आपल्या टाकीत प्रवाळ आहे, तेव्हा त्याला टोचणारा, कुरतडणारा कितीही देखणा असला तरी उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही.

ती सांगायची आणि चावीवाले हं हं म्हणायचे. बायको बोलत असताना योग्य जागी हं म्हणणं ही एक कला आहे आणि त्यात ह्या माणसाचा हात कुणी धरला नसता. तोंडाने हं, आणि डोक्यात दुकानात अर्धी घासून ठेवलेली चावी. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खिडकी, आत एक यंत्र आणि भिंतीभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. निघताना, पैसे देऊन झाल्यावर, ती नेहमी आतल्या कोपऱ्यातल्या टाकीसमोर जाऊन थांबायची. तिथे फुलपाखरू मासा असायचा. नेहमी तोच नव्हे, पण त्याच जातीचा. पिवळाधमक, बशीसारखा चपटा, पुढे निमुळती लांब चोच आणि शेपटीजवळ एक काळा ठिपका, म्हणजे डोळा पुढे की मागे हेच कळू नये. त्याच्यासमोर ती काही बोलायची नाही, खाऊ घाला म्हणायची नाही, नुसती बघायची. एकदा चावीवाले म्हणाले होते, "घे की एवढा आवडतो तर." ती म्हणाली, "नको. आपल्याकडे नाही जमायचं." त्यांना वाटलं महाग असेल. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी ती खुर्चीत बसून त्यांना शिकवायला लागली. शिकवायला म्हणजे काय, ओरडायला. मीठ किती, ते मिसळल्यावर किती वेळ थांबायचं, काच कशी पुसायची, कोणती नळी आधी बंद करायची. चावीवाले सगळं शिकले. कुलपाच्या आतले खिळे ज्याला बोटांनी कळतात त्याला नळ्या कळायला कितीसा वेळ लागणार? मासा निवडायचं तेवढं शिकायचं राहिलं. तेवढे दिवस तिला मिळाले नाहीत.

तर ती गेली तेव्हा टाकीत चार मासे होते. तीन म्हातारे होऊन एकामागून एक गेले आणि मागे उरली एक मुकादमीण. मुकादमीण म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिश, बोटभर लांबीची आणि स्वभावाने जळजळीत. काच पुसायला हात घातला की हाताला धडक मारायची. हे नाव तिनेच ठेवलेलं. चावीवाले आता सकाळी त्या मुकादमिणीशी बोलायचे, कारण घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

मुलगी रोज दुपारी फोन करायची. "बाबा, टाकी बंद करा आता. या इकडे."

"मुकादमिणीचं काय करू?"

"तिलाही आणा."

"आणि प्रवाळ?"

यावर मुलगी जेवणाचं विचारायची. आईच्या हातचं घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं, हे तिलाही कळत होतं. कपाटातल्या साड्या होत्या, चष्मा होता, पण ते जसेच्या तसे पडून होते. प्रवाळ अजून वाढत होतं. त्याला काही झालं तर आपण तिला दुसऱ्यांदा घालवली असं होईल, असं चावीवाल्यांना मनापासून वाटायचं. म्हणून ते मापाने मीठ घालत, वेळेवर पाणी बदलत आणि एक दगडसुद्धा जागचा हलवत नसत.

आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. तिचा वाढदिवस महिन्याभरावर होता. इतक्या वर्षांत तिने एकच गोष्ट मनात धरली आणि घेतली नाही. काय हरकत आहे? आपण घेऊ. कल्पना एकदा डोक्यात शिरली ती निघेना. एखाद्या माणसाला बायकोच्या मागे बायकोचं मन राखायची हुक्की येते, त्यातली ही. हयात असताना राखलं असतं तर, असं तुम्ही म्हणाल. ते त्यांनाही सुचलं होतं, म्हणून तर एवढी घाई.

ते एकटेच समुद्रवाल्यांच्या दुकानात गेले. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. मीठ आणि गाळलेलं पाणी मधल्या काळात शेजारचा रिक्षावाला आणून देत होता. समुद्रवाले थकलेले दिसत होते, केस पांढरे झालेले. चावीवाले सरळ आतल्या कोपऱ्यात गेले, बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा द्या. तिला हवा होता."

समुद्रवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत लावला. एरवी हा माणूस दहा प्रश्न विचारल्याशिवाय गोगलगायसुद्धा विकत नसे. घरात टाकी केवढी, आत कोण कोण आहे, जुनं कोण, नवं कोण. त्या दिवशी त्याने अवाक्षर काढलं नाही. जाळी घेतली, मासा पिशवीत घातला आणि दारापर्यंत पोचवायला आला. चावीवाल्यांना वाटलं, मान दिला आपल्याला. आता आपल्यालाही माशांतलं कळतं असं मानतोय.

नियमाप्रमाणे त्यांनी नवा मासा तीन आठवडे बाहेरच्या छोट्या टाकीत वेगळा ठेवला, रोगबीग असला तर कळावा म्हणून. तो खात होता, पोट भरलेलं दिसत होतं. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि त्याला मोठ्या टाकीत सोडलं. मुकादमीण धावून आली, दोन धडका मारल्या, आणि हा एवढा मोठा पिवळा ऐवज आपल्याला घाबरत नाही असं दिसल्यावर फणकाऱ्याने कोपऱ्यात निघून गेली. फुलपाखरू मासा टाकीभर फिरला. दिव्याखाली आला की खोली उजळल्यासारखी वाटायची. चावीवाल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मुलीला फोन लावला आणि सांगितलं, "आईला हवा होता ना, तो आणला." मुलगीही रडली. आईला मासा हवा होता हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, पण असं कशाला बोलून दाखवायचं?

तिसऱ्या दिवशी प्रवाळ उमललं नाही.

दिवा लागला, अर्धा तास गेला, तास गेला. काही तोंडं उघडी, बरीचशी मिटलेली. आपलंच मीठ चुकलं, दुसरं काय. त्यांनी पाण्याचा खारटपणा मोजला, दोनदा मोजला. बरोबर. तरी पाणी बदललं. चौथ्या दिवशी आणखी तोंडं मिटली. पाचव्या दिवशी एका कडेला हिरवा रंग जाऊन खालचं पांढरं दिसायला लागलं. ते दुकान उघडायला गेलेच नाहीत. स्वतःला शिव्या घालत घरभर फिरत राहिले. सगळं आयुष्य दुसऱ्यांची कुलपं उघडून दिली, आणि घरात एक प्रवाळ उघडता येत नाही, असं मोठ्याने म्हणाले. ऐकायला मुकादमीण होती.

सहाव्या दिवशी ते टाकीसमोर उकिडवे बसून काच पुसत होते तेव्हा त्यांनी बघितलं. फुलपाखरू मासा प्रवाळावर आला, अंग किंचित तिरकं केलं, चोच घातली आणि एक तोंड उचललं. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. तांदळातले खडे वेचावेत तसा सावकाश, मन लावून. भांडण नाही, घाई नाही. मासा बिचारा जेवत होता.

चावीवाले तसेच खाली बसले. हातातलं फडकं ओलं होतं, ते मांडीवर टपकत राहिलं. आणि मग इतक्या वर्षांचं हं हं एकदम परत आलं. बाजारातून घरी येण्याची ती वाट, तिचा तो समजावण्याचा आवाज. टोचणारा, कुरतडणारा, कितीही देखणा असला तरी. ती सांगत होती आणि आपण चाव्या घासत होतो. नाही जमायचं, असं ती म्हणाली तेव्हा ती प्रवाळाबद्दल बोलत होती, पैशाबद्दल नव्हे. एवढी साधी गोष्ट, आणि आपण तिच्या वाढदिवसाला तिच्याच प्रवाळावर मासा सोडून बसलो. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघायचं त्यांनी टाळलं.

आता मासा काढायचा कसा? खडकांच्या टाकीतला मासा जाळीने धरून दाखवा, मी तुम्हाला मानेन. जाळी आत गेली की मासा कपारीत. जाळी बाहेर आली की मासा समोर, चोच वर करून. सगळे खडक उपसले तर धरता येईल, पण खडक तिने रचलेले, आणि प्रवाळ त्यांना घट्ट धरून वाढलेलं. चावीवाल्यांचे हात चालले असते, मन चालेना.

मग त्यांनी आपली विद्या कामाला लावली. पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला, त्याला वरून पडणारं दार केलं, दाराला दोरा बांधला. दोरा सोडला की दार खाली, आणि खाली पडलं की आपोआप अडकेल असा एक खटका. काम फर्स्टक्लास झालं. आत खाऊ ठेवून डबा टाकीत सोडला आणि खुर्चीवर दोरा धरून बसले. मुकादमीण आत गेली. तिला सोडून दिलं. मुकादमीण पुन्हा आत गेली. दुपारपर्यंत तिला पाच वेळा अटक झाली आणि पाचही वेळा ती खाऊ खाऊन बाहेर पडली. फुलपाखरू मासा लांबून बघत होता. त्याला डब्यातल्या खाऊची गरजच काय? त्याचं ताट समोर वाढलेलं होतं.

हे लक्षात आल्यावर चावीवाल्यांनी दोरा खुर्चीच्या हाताला बांधला. मग उठले, चाव्यांच्या कामातली बारीक पक्कड उकळत्या पाण्यातून काढली, बाही कोपराच्या वर सारली आणि हात टाकीत घातला. प्रवाळाच्या चांगल्या कडेचा, अजून हिरव्या असलेल्या कडेचा, अंगठ्याएवढा तुकडा तोडला. तुटताना हाताला कट्ट असं जाणवलं. "चुकलो गं," ते म्हणाले. तुकडा त्यांनी डब्यात ठेवला. दहा मिनिटांत मासा आत आला, अंग तिरकं केलं, चोच घातली. चावीवाल्यांनी दोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाच्या बादलीत मासा घेऊन ते समुद्रवाल्यांच्या दुकानात उभे राहिले. दुकान नुकतंच उघडलं होतं, फरशी ओली होती.

"हा परत घ्या," चावीवाले म्हणाले. "पैसे नकोत. प्रवाळ खातोय तो."

समुद्रवाले चमकले. "कुठलं प्रवाळ?"

"कुठलं म्हणजे? आमचं. हिरवं. तुम्हीच दिलेलं."

"ते अजून आहे?" समुद्रवाले स्टुलावर बसलेच. "अहो, मला वाटलं तुम्ही ते काढलंत. म्हणून मी बोललो नाही. म्हटलं, वहिनींचं जे राहिलं ते तुम्ही पुरं करताय."

"काय राहिलं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" समुद्रवाल्यांनी बादलीवरचं झाकण किंचित उचलून आत बघितलं. मग हात पुसले. "तुमचा कारखाना बंद पडला ते वर्ष आठवतं?"

न आठवायला काय झालं? बावीस वर्षांपूर्वी कुलपांचा कारखाना एका सोमवारी बंद झाला. सोळा वर्षं तिथे चाव्या घासलेला माणूस मंगळवारी सकाळी डबा भरून तयार झाला आणि मग त्याला आठवलं की जायचं नाही. त्यानंतर चार महिने चावीवाले घरी बसून होते. ते कुणाशी ह्या विषयावर बोलत नसत, मुलीशीही नाही.

"त्या आधी दोन महिने," समुद्रवाले सांगू लागले, "वहिनींनी माझ्याकडे फुलपाखरू मासा बाजूला ठेवायला सांगितला होता. पैसेसुद्धा दिले होते. प्रवाळाला त्या कंटाळल्या होत्या. म्हणायच्या, ते छान आहे पण त्याची बडदास्त फार, त्याच्यापायी मनासारखा मासा ठेवता येत नाही. प्रवाळ द्यायला एक घर पण बघितलं होतं आम्ही. सगळं ठरलेलं. आणि मग एका शनिवारी आल्या आणि म्हणाल्या, मासा देऊन टाका कुणाला तरी. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, घरी माणूस दिवसभर त्या प्रवाळासमोर बसतो. दुसरं काहीच बघत नाही. सकाळी ते उमलायची वाट बघतो. आता तेच काढून टाकलं, तर त्याने बघायचं कुठे?"

बादलीत मासा एकदा वळला. पाण्याचा आवाज झाला तेवढाच.

"मी बघत नव्हतो हो," चावीवाले म्हणाले. "मी प्रवाळ बघतच नव्हतो. खुर्ची तिथे होती म्हणून बसायचो. तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून तिकडे तोंड करून बसायचो. काय समोर आहे ते मला दिसतही नव्हतं."

समुद्रवाल्यांनी दुसरं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

चार महिने. ती सकाळी दवाखान्यात जायच्या आधी शेजारी चहाचा कप ठेवायची, संध्याकाळी परत यायची, गार झालेला कप उचलायची. एका शब्दाने बोलली नाही. आणि मनातल्या मनात त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघून तिने ठरवून टाकलं की ह्याला हे आवडतं. पुढे ते उठले, खिडकी भाड्याने घेतली, यंत्र आणलं, सगळं सुरळीत झालं, तरी तिने तो विषय काढला नाही. बावीस वर्षं ती दुकानात येऊन पिवळ्या माशासमोर उभी राहिली आणि घरी जाऊन त्यांच्यासाठी प्रवाळ सांभाळत राहिली. आणि ते मात्र समजत होते की आपण तिच्यासाठी पाणी वाहतोय.

एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, की तुला काय हवंय.

"अजून वेळ गेलेली नाही," समुद्रवाले हळूच म्हणाले. "प्रवाळ माझ्याकडे आणून द्या, जेवढं उरलंय तेवढं. मी चांगल्या घरी देतो, जगेल ते. मासा घेऊन जा परत. वहिनींना तोच हवा होता."

चावीवाल्यांनी बादलीत बघितलं. मासा देखणा होता, यात वाद नाही. घेऊन जावा? एकदा तरी तिच्या मनासारखं व्हावं? त्यांचा हात बादलीच्या कडीकडे गेलासुद्धा. पण तिला हा मासा हवा होता हे जितकं खरं, तितकंच तिने तो नको म्हटलं हेही खरं, आणि ते नको म्हणायला ती पायी चालत ह्या दुकानात आली होती. तिला मनातून काय वाटायचं ते त्यांना कधीच कळलं नव्हतं. तिने काय केलं ते मात्र आता कळलं होतं.

"नको," ते म्हणाले. "तिने ठरवून झालंय. मी त्यात आता हात घालायला नको. आधीच नको तितका घातलाय."

समुद्रवाल्यांनी मान हलवली. मासा त्यांनी हलक्या हाताने कोपऱ्यातल्या टाकीत सोडला. मग विचारलं, "दुसरा कुठला देऊ? एकटी मुकादमीण किती दिवस ठेवणार?"

"असा द्या, जो..." चावीवाले थांबले. नेहमीची खाज जिभेवर आली होती, मला ठाऊक आहे म्हणायची. ती त्यांनी गिळली. "मला नाही कळत. तुम्ही शिकवा."

मग तास गेला. समुद्रवाल्यांनी एकेका टाकीत खाऊ टाकला आणि चावीवाल्यांनी बघितलं. हा धावून येतो, नको. ह्याचं पोट आत गेलंय, नको. हा निळा देखणा आहे, पण शेजाऱ्याला हुसकावतोय. खालच्या रांगेत वाळूवर दोन बारके गोबी मासे होते, मातकट रंगाचे, कुणाच्या नजरेत भरू नयेत असे. तोंडात वाळू घ्यायचे, चाळायचे, कल्ल्यांतून सोडून द्यायचे. प्रवाळाशी त्यांना देणंघेणं नाही आणि भांडायला सवड नाही.

"हे दोघं," चावीवाले म्हणाले. "पण आज नको. प्रवाळ सावरू दे. महिन्याने येतो."

"ठेवतो बाजूला," समुद्रवाले म्हणाले.

रिकामी बादली घेऊन ते घरी आले. दिवा लागलेला होता. प्रवाळाचा अर्धा भाग पांढरा, उरलेला मिटलेला. मुकादमीण काचेवर येऊन धडक मारून गेली. चावीवाल्यांनी खुर्ची ओढली, टाकीच्या अगदी जवळ, आणि बसले.

बराच वेळ काही झालं नाही. मग वरच्या कडेचं एक तोंड उघडलं. मोहरीएवढं हिरवं बोंड, त्याला आठ बारीक पाकळ्या; त्यांनी त्या मोजल्या. पाकळ्यांची टोकं फिकट होती, मधे पिवळट ठिपका होता. शेजारचं हललं, अर्धं उघडलं, पुन्हा मिटलं. ते तसेच बसून राहिले, मान पुढे काढून, श्वासाने काच धुरकटली की बाहीने पुसत.

फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, जेवलात का? काय करताय?"

"प्रवाळ बघतोय."

"ते काय, रोजच बघता तुम्ही. आई सांगायची मला, तुझ्या बाबांचा भारी जीव आहे त्याच्यावर."

वरच्या कडेला आणखी एक तोंड उघडत होतं.

"हो गं," ते म्हणाले. "खरं तेच सांगायची ती."